सतरा नंबरच्या सीटवरचा मॉनिटर

सोल, १४ एप्रिल

मिरानताई,

मॉनिटर आज पाठवला. उद्या दुपारपर्यंत गुनसानला तुझ्या दुकानात पोचेल. खोकं उभंच ठेव आणि त्यावर रामेनची पाकिटं रचू नकोस. मी तुला ओळखतो.

ई-मेल कशाला, घरच्या ग्रुपवर लिही, असं तू म्हणशील. ग्रुपवर बाबा आहेत. सोल्लालला, नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, तोकगुक सूपचा वाडगा पुढ्यात असताना ते म्हणाले, "अडतीस वर्षांचा घोडा पडद्याकडे बघून पडदा कसा आहे ते सांगतो, आणि याला नोकरी म्हणतो!" तेव्हापासून मी त्या ग्रुपात पाऊल ठेवलेलं नाही आणि ठेवणारही नाही. तू मध्यस्थी करू नकोस.

आता कामाचं. हा ओएलईडी जातीचा मॉनिटर आहे. यातला प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो आणि स्वतःच विझतो, त्यामुळे काळं म्हणजे खरोखर काळं, मागून दिव्याची झाक नाही. सेकंदाला चारशे ऐंशी चित्रं दाखवतो. बनवणाऱ्या कंपनीने तो मला सप्टेंबरपर्यंत वापरायला दिला आहे आणि मला लिहायचं आहे की तो कोणत्या कामाला चांगला आणि कोणत्या कामाला वाईट. माझ्या घरी मी एकटा, फार जपून वापरणारा. मला हवाय धसमुसळा वापर, म्हणून तासाच्या भाड्याने कॉम्प्युटरवर खेळायला देणारं तुझं पीसीबांग आठवलं. दिवसभर पोरं त्यावर खेळतील, सांडतील, आदळतील. तू फक्त बघ आणि लिही.

एकच सांभाळ. या जातीला एकाच जागी बसून राहणारं चित्र सोसत नाही, तिथे कायमचा डाग पडतो. तो टाळायला मॉनिटर वापर थांबल्यावर आपला आपण साफसफाई करतो, पण त्यासाठी त्याची वीज चालू लागते. तेव्हा मागचा खटका बंद करायचा नाही. कधीच नाही.

हाग्युन


गुनसान, २७ एप्रिल

हाग्युन,

मिळाला. उभाच ठेवला होता. रामेनची पाकिटं फक्त एक रात्र ठेवली.

सतरा नंबरच्या सीटवर लावलाय, कोठीच्या दाराशेजारी, सगळ्यात काळोख असतो तिथे. पहिल्याच दिवशी तीन जण काउंटरवर आले, "मावशी, सतरा बंद आहे." बंद कुठला! काळा पडदा इतका काळा की चालू आहे हेच कळत नाही. एकाने तर बटण दाबून खरंच बंद केला. तुझ्या कंपनीला सांग, कोपऱ्यात एक छोटा लाल दिवा तरी लावा.

पोरं खूश आहेत. गोळीबाराच्या खेळात मान वळवली की चित्र फाटत नाही, शत्रू कोपऱ्यावरून येताना दिसतो, असं म्हणतात. शत्रूलाही ते दिसतात की नाही ते मी विचारलं नाही. खाण्याच्या मेन्यूतला रामेनवरचा अंड्याचा बलक असा उठून दिसतो की सतरावर बसणारा हमखास जास्तीचं अंडं मागवतो. हे तुझ्या लेखात घाल.

मी त्यावर हिशेबाच्या वह्यांचं काम केलं. अक्षरांच्या कडांना लाल-हिरवी लव फुटल्यासारखी दिसते. तासाभरात माझं डोकं उठलं.

आणि एक. एका गिऱ्हाइकाने विचारलंय, नजर कमी झालेल्या माणसाला हा चालेल का? वयस्कर आहेत. आणि घरी, खिडकीशी ठेवला तर कसा दिसेल?

मिरान


सोल, १ मे

ताई,

मी तुला वापराच्या नोंदी मागितल्या आणि तू मला अंड्याचा बलक पाठवलास.

अक्षरांच्या लवेचं कारण असं की यात लाल, हिरवे, निळे ठिपके नेहमीसारखे ओळीने बसवलेले नाहीत, म्हणून बारीक अक्षराच्या कडा रंगतात. कारकुनी कामाला हा मॉनिटर वाईट, एवढं मीही लिहिलं आहे. तू त्यावर वह्यांचं काम करू नकोस. खेळायला दिलाय, खेळू दे.

खिडकीशी तर बिलकूल नको. उजेड पडला की याचा काळा रंग वांग्याच्या सालीसारखा जांभळट होतो आणि सगळी मजा जाते. अंधाऱ्या खोलीत हा राजा आणि उन्हात भिकारी.

तुझ्या त्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला सांग, सेकंदाला चारशे ऐंशी चित्रं बघायला आधी डोळे लागतात. त्यांना मोठा टीव्ही घ्यायला सांग आणि जवळ बसायला सांग. असले प्रश्न मला दिवसाला पन्नास येतात, तू त्यात भर घालू नकोस.

खेळांबद्दल नीट लिही. अंधाऱ्या दृश्यात पडदा लुकलुकतो का, हे विशेष बघ.

हाग्युन


सोल, १८ जून

ताई,

दीड महिना झाला. उत्तर नाही. मेलीस का?

सोबत एक राखाडी चित्र पाठवतोय. ते पडदाभर लाव, दिवे बंद कर आणि फोटो काढून पाठव. डाग पडायला लागले असतील तर त्यावर दिसतील.

हाग्युन


गुनसान, २१ जून

हाग्युन,

मेले नाही. दुकान चालवते. शाळांच्या परीक्षा झाल्या की इथे काय होतं ते तुला सोलमध्ये बसून कळायचं नाही.

लुकलुकतो. काळोख्या गुहेबिहेत शिरलं की धापा टाकल्यासारखा उजेड वर-खाली होतो. पोरांना त्याचं काही नाही, मलाच मळमळतं.

फोटो जोडलाय. आणि आता ओरडू नकोस. खटका बंद होतो. मी मुद्दाम करत नाही. गिऱ्हाईक उठलं की त्या सीटचा खटका पाडायचा, ही वीस वर्षांची सवय आहे, माझीच काय, या गावातल्या प्रत्येक पीसीबांगवाल्याची. हात आपोआप जातो. मी त्यावर चिकटपट्टी लावली, तर सकाळच्या पाळीतली बाई चिकटपट्टी काढून खटका पाडते आणि परत चिकटपट्टी लावते.

मिरान


सोल, २३ जून

ताई!!

मी कपाळावर हात मारून बसलोय.

उजव्या कोपऱ्यात 'वेळ शिल्लक' ही तुझ्या दुकानाची चौकट उमटली आहे. ती मी धरून चाललो होतो. ती चोवीस तास तिथेच असते, तिचा डाग पडणारच, आणि सगळ्या पीसीबांगवाल्यांना मी तेच लिहिणार आहे. पण पडद्याच्या मधोमध हे काय आहे? भला मोठा चौकोन, आत उभ्या-आडव्या रेषा! मी तुला एवढं सांगूनही तू त्यावर दिवसभर हिशेबाचा तक्ता उघडून ठेवतेस? आठवडाभर नव्हे ताई, असा डाग पडायला महिने लागतात, रोज तासन्‌तास! सगळ्या जगात या मॉनिटरचा इतका वाईट उपयोग दुसऱ्या कुणी केला नसेल.

मला खरं सांग, सतरावर तक्ता कोण उघडतं?

हाग्युन


गुनसान, २९ जून

मीच. करभरणा होता. आता नाही करणार.

लेख लिही तू तुझा.

मिरान


सोल, ११ ऑगस्ट

ताई,

लेख संपत आला आहे. त्यात तुझ्या पडद्याचा फोटो छापायचा म्हणून मी तो मोठा करून बघितला, आणि आता मी वेडा व्हायचा बाकी आहे.

हिशेबाचा तक्ता नव्हे तो. रेषा एकोणीस उभ्या आणि एकोणीस आडव्या. मध्ये नऊ ठळक ठिपके. कुठल्या करभरणाऱ्याच्या तक्त्यात ठिपके असतात? तो बादुकचा पट आहे, काळ्या-पांढऱ्या गोट्यांच्या खेळाचा. तुझ्या दुकानात कुणीतरी चारशे ऐंशी चित्रांच्या मॉनिटरवर महिनोन्‌महिने बादुक खेळतंय. बादुक! जिथे एक गोटी पडायला पाच मिनिटं लागतात आणि तीही पडल्यावर हलत नाही! याहून मठ्ठ उपयोग मला मुद्दाम शोधूनही सापडला नसता. आणि तू माझ्याशी खोटं बोललीस. का, ते मला कळत नाही.

सप्टेंबरच्या मध्याला मॉनिटर परत जायचा आहे. तिथली माणसं तो उघडून तपासणार. तोवर जे कुणी महाशय आहेत त्यांना सतरावरून हाकल. दुसऱ्या सीटवर बसव. तीस जुने मॉनिटर आहेत तुझ्याकडे, बादुकला कुठलाही चालतो.

हाग्युन


गुनसान, १३ ऑगस्ट

हाग्युन,

कुठलाही चालत नाही. तोच तर प्रश्न आहे.

ते महाशय बाबा आहेत.

मला शपथ घातली होती म्हणून बोलले नाही, पण "हाकल" वाचलं आणि माझं डोकं फिरलं. गेली शपथ खड्ड्यात. बाबांच्या उजव्या डोळ्याचा मधला भाग गेलाय, गेल्या हिवाळ्यातच. डाव्याचा जातोय. डॉक्टरीणबाई डोळ्यात इंजेक्शनं देतात, त्याने जरा हळू जातो, थांबत नाही. सोल्लालला तू त्यांच्यासमोर बसलास तेव्हा त्यांना तुझा चेहरा धड दिसत नव्हता. त्यांची चिडचिड तुझ्या नोकरीवर निघाली. मला तेव्हा माहीत नव्हतं, नाहीतर तिथेच बोलले असते.

आई गेल्यापासून त्यांना बादुकशिवाय काय आहे? घरच्या कॉम्प्युटरवर म्हणायचे, काळ्या गोट्या पण राखाडी, पांढऱ्या पण राखाडी, सगळी पेज झालीये. एप्रिलमध्ये किमचीचा डबा द्यायला दुकानात आले आणि सतरा मोकळी होती म्हणून टेकले. पट उघडला. दहा मिनिटं खेळले. मग मला हाक मारून म्हणाले, "मिरान, काळं काळं दिसतंय गं." बस्स. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी डबा घेऊन हजर.

तुला म्हातारं गिऱ्हाईक म्हणून विचारलं ते त्यांच्यासाठीच. एका रविवारी मी तो मॉनिटर कडेवर मूल घ्यावं तसा घरी नेला, त्यांच्या खिडकीशी लावला. तू लिहिलं होतंस तसाच वांग्याची साल झाला. म्हणून परत दुकानात आणला. तुझं उत्तर बरोबर होतं, एवढंच मला तेव्हा म्हणता आलं नाही. टीव्ही घ्यायला सांग म्हणालास तेही मी त्यांना वाचून दाखवलं नाही.

ते बंदराच्या क्रेनवर तीस वर्षं बसलेले. खालचा माणूस मुंगीएवढा दिसायचा आणि तरी त्याच्या हातातला दोर ओळखायचे. आता समोरचा माणूस ओळखत नाहीत. पण तुला सांगायचं नाही म्हणे. "तो पडदे विकणारा, त्याला माझे डोळे कशाला."

हाकलायचं असेल तर स्वतः ये आणि हाकल.

मिरान


सोल, १५ ऑगस्ट

ताई,

मी पडदे विकत नाही, पडद्यांची परीक्षा करतो. हे त्यांना सांग. नको, सांगू नकोस.

मला कुणी काहीच कसं सांगत नाही? मी परका आहे का या घरात? मी काय लिहिलं होतं ते परत वाचलं आणि मला स्वतःची लाज वाटली.

ऐक. माझा स्वतःचा ओएलईडी पाठवतोय, बत्तीस इंची, घरी लावायचा. कालच्या पार्सलात काळे जाड पडदे आहेत, खिडकीवर लाव, एक चीरही उजेड यायला नको. परवा एक हात येईल, मॉनिटर पुढे-मागे सरकवायचा. पटाचा रंग लाकडी ठेवू नका, गडद ठेवा, पांढऱ्या गोट्या उठून दिसतील. उजेड सत्तरवर. निळा कमी. सगळं खाली सविस्तर लिहिलं आहे.

लेख तीन दिवसांत छापून येईल. कामाचा इतका डोंगर आहे की मला श्वास घ्यायला फुरसत नाही, नाहीतर आलोच असतो.

हाग्युन


गुनसान, ८ सप्टेंबर

हाग्युन,

बत्तीस इंची आला. पडदे आले. हात आला. त्यानंतर टेबल-दिवा आला, मग भिंग आलं, मग मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड आला. आमचं घर आता थिएटर झालंय. त्या काळोखात बाबांनी दोनदा टेबलाला नडगी आपटून घेतली आणि तुझ्या नावाने जे काही म्हणाले ते मी इथे लिहीत नाही.

पार्सलवाला घरचाच झालाय. परवा तो दारात उभा राहिला. उंची तुझ्याएवढीच आहे. बाबा दार उघडायला गेले, मान तिरकी करून त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हाग्युन?" तो बिचारा म्हणाला, "नाही आजोबा, सही करा." सहीसुद्धा त्यानेच हात धरून कुठे करायची ते दाखवलं. मी कोठीत जाऊन रडले.

तुझ्या पार्सलांचा आता उपयोग नाही. डावा डोळाही उतरलाय. सतरावर बसून काल त्यांनी स्वतःच्याच गोटीवर गोटी ठेवायचा प्रयत्न केला, कॉम्प्युटर ठेवू देईना, तर मला म्हणाले मशीन बिघडलंय. मशीन बिघडलेलं नव्हतं. ते त्यांनाही ठाऊक होतं.

उजेड सत्तर करू की ऐंशी, असं तू आता विचारलंस तर मी तुझा ई-मेल उघडणार नाही. पार्सलं येतात, तू येत नाहीस. चेहरे आधी जातात असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हिवाळ्यात सोल्लालला येऊन काय दाखवणार आहेस त्यांना?

मी शपथ मोडून तुला सगळं सांगितलं, हे बाबांना आता कळलंय, मीच बोलले. ते तुला काहीतरी लिहिणार म्हणतात. मी टाइप करणार, ते सांगणार. देव मला सहनशक्ती देवो.

मिरान


गुनसान, १७ सप्टेंबर

हाग्युन,

हे मी सांगतोय, मिरान टाइप करते आहे. ती मध्ये मध्ये उसासे टाकते, ते लिहू नकोस म्हटलंय.

तुझा लेख तिने मला वाचून दाखवला. दोनदा. लांब आहे. खेळाला उत्तम, सिनेमाला उत्तम, फोटोला चांगला, कारकुनीला वाईट, उन्हात वाईट, पीसीबांगला जपून. सगळं बरोबर आहे. तू नीट काम करतोस. सोल्लालला मी बोललो ते चुकीचं होतं. मला तेव्हा तुझा लेख माहीत नव्हता, मला वाटायचं तुम्ही नुसते आकडे फेकता.

पण एक उपयोग तू लिहिलेला नाहीस. ज्याची नजर जातेय त्याला हा मॉनिटर पाच महिने जास्त देतो. अंधारात ठेवायचा, जवळ बसायचं. मी एकशे चौऱ्याण्णव डाव खेळलो, त्यातले बरेच हरलो, पण दिसून हरलो. हे लिही. (बाबा, आकडा खरा आहे का? - मिरान) खरा आहे. मी मोजलेत.

मॉनिटर मी आज खोक्यात घातला. स्वतः. उसना आणलेला आहे, वेळेत जायला हवा. डाग लपवू नकोस, कंपनीला सांग की माझ्या बापाच्या पटाचा आहे, मॉनिटरचा दोष नाही. तुझे बाकीचे पडदेही उत्तम आहेत. आता मला कुठल्याच पडद्यावर गोट्या दिसत नाहीत, त्यात पडद्याची चूक नाही. तू आणखी पाठवू नकोस, घरात चालायला जागा राहिलेली नाही.

पट माझ्या डोक्यात आहे. समोरच्याने कुठे ठेवली एवढं कुणी सांगितलं की मला पुरतं. मिरान सांगते, पण तिला बादुक येत नाही. "डावीकडे वर, त्या दोन काळ्यांच्या बाजूला" असं सांगते. तिथे काळ्या अकरा आहेत! डाव सोडून मी तिच्यावरच चिडतो आणि ती रामेन करायला निघून जाते. (खरं आहे. - मिरान) तुला येतं. तुला मी पाचव्या वर्षी शिकवलं होतं, उभ्या रेषेचा आकडा आणि आडव्या रेषेचा आकडा नीट सांगायचास. बारीक आवाजात, पण नीट.

माणसाकडे सरळ बघितलं तर आता चेहऱ्याच्या जागी डागच दिसतो. कडेने बघितलं तर कान दिसतात, विशेषतः डाव्या डोळ्याच्या कडेने. मिरानचे कान अगदी तुमच्या आईसारखे आहेत, हे इतकी वर्षं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तुझे कुणासारखे आहेत ते मला आठवत नाही. चेहऱ्याकडेच बघत आलो ना.

चुसोकच्या सणाला ये. काम असेल तर घेऊन ये, इथे तीस मॉनिटर आहेत.

बाबा


सोल, १८ सप्टेंबर

बाबा,

चुसोकची सगळी तिकिटं कधीच संपली होती. मी दोन तास रेल्वेच्या साइटवर रांगेत राहिलो, तीनदा साइट बंद पडली, माझ्या घरात सेकंदाला चारशे ऐंशी चित्रं दाखवणारी यंत्रं आहेत आणि रेल्वेचं एक पान उघडत नव्हतं. शेवटी उभ्याचं तिकीट मिळालं, इथल्या योंगसान स्टेशनापासून गुनसानपर्यंत. पण ते चुसोकच्या आदल्या दिवसाचं आहे आणि मला तेवढं थांबवत नाही. म्हणून परवा शनिवारी बसने येतोय. चुसोकला परत येईन, ते तिकीट वाया घालवणार नाही.

डाव मी सांगेन. आकडे नीट सांगेन. मध्येच "ही नको, ती खेळा" म्हणालो तर ओरडू नका.

ताईला सांगा, सतराच्या डाव्या बाजूला माझ्यासाठी एक खुर्ची ठेव. मी तिथेच बसेन, तुमच्या डाव्या डोळ्याच्या कडेला.

माझे केस फार वाढलेत, कान झाकले गेलेत. ते उद्या सकाळीच कापून घेतो.

हाग्युन